अवकाळीचे वाचक

हवामानबदलावरची कथा-कादंबरी उद्याची गोष्ट सांगते, असे जगभरच्या समीक्षेने गृहीत धरले आहे. तिच्यात बर्फ वितळून झालेला असतो, समुद्र शहरात घुसलेला असतो आणि साल बहुधा 2050 च्या पुढचे असते. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या वाचकाच्या हाती असे पुस्तक दिले की पन्नासेक पाने वाचून तो विचारतो, ‘बरं, यात नवीन काय?’ त्याच्या विचारण्यात उर्मटपणा नसतो. लेखकाने भयंकर म्हणून जे रंगवले ते याच्या अंगावरून जाऊन दहा वर्षे झालेली असतात.

या पुस्तकात अशा वाचकांची टिपणे एकत्र केली आहेत. लिहिणाऱ्यांत शाळामास्तर आहेत, तालुक्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल आहेत, निवृत्त तलाठी आहेत, शेती सांभाळून वाचणाऱ्या बाया आहेत, शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहिलेली पोरे आहेत. समीक्षक म्हणून यांपैकी कुणाचे नाव नाही. कुणाचेही नाव छापायचे नाही असे आधीच ठरले होते, कारण नाव आले की माणूस गावाकडे बघून लिहितो. फक्त तालुका तेवढा दिला आहे.

2016 चा उन्हाळा मधे आणल्याशिवाय ही टिपणे कळणार नाहीत. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम 144 लागू झाले, म्हणजे टँकरभोवती पाचजणांनी जमणे हा गुन्हा ठरला. मग राजस्थानातल्या कोट्याहून टाकीचे डबे धुऊन-पुसून आले, मिरजेला भरले गेले आणि 12 एप्रिलच्या पहाटे दहा डब्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात शिरली. पुढे डबे पन्नास झाले, पाणी पंचवीस लाख लिटरवर गेले, आणि ‘जलदूत’ हे नाव पोराटोरांच्या तोंडी बसले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून एका जिल्ह्याच्या गावाला पिण्याचे पाणी रुळावरून येत होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमिताव घोष यांचे ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : वास्तववादी कादंबरीने स्वतःला ‘संभाव्य’ गोष्टींची इतकी सवय लावून घेतली आहे की हवामानाचे आजचे अचाट वागणे तिच्या चौकटीत मावत नाही. मार्च 1978 मध्ये दिल्लीत त्यांनी स्वतः चक्रीवादळाचा भोवरा पाहिला, त्यातून ते वाचले, पण तो प्रसंग त्यांना कधी कादंबरीत घालता आला नाही. वाचकाला तो लेखकाने ओढूनताणून आणलेला वाटेल ही भीती. औसा तालुक्यातल्या एका टिपणकाराने या मुद्द्यावर एकच ओळ लिहिली आहे, ती मला सगळ्या संग्रहात वरचढ वाटते. तो म्हणतो, एखाद्या लेखकाने 2010 साली ‘लातूरला रेल्वेने पाणी आणले’ असे लिहिले असते, तर आम्हीच ते पुस्तक फेकून दिले असते.

मग हे वाचक वाचतात काय? यादी पाहून एखादा शिस्तीचा अभ्यासक नाक मुरडेल. ‘क्लायमेट फिक्शन’ या नावाखाली इंग्रजीत जे खपते ते यादीत थोडेच आहे. बाकी सगळी आपली जुनी-नवी पुस्तके : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, भास्कर चंदनशिवांच्या कथा, सदानंद देशमुखांच्या ‘तहान’ आणि ‘बारोमास’, विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, लक्ष्मीकांत देशमुखांचा ‘पाणी! पाणी!!’ हा कथासंग्रह, पलीकडच्या परभणीच्या आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’, कृष्णात खोतांचे ‘रिंगाण’. यांतले बहुतेक लेखक ‘मी हवामानबदलावर लिहितो’ असे कधी म्हणाले नाहीत. ‘बनगरवाडी’ 1955 ची. तेव्हा कार्बन म्हटले की लोकांना टंकलेखनाचा कागद आठवायचा. पण पाऊस न पडल्याने मेंढपाळांची एक अख्खी वाडी उठून जाते आणि मास्तरची शाळा ओस पडते, हे माणदेशातले चित्र मुखेड-कंधारच्या डोंगरी भागातल्या माणसाला स्थलांतराचे चित्र म्हणूनच दिसते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्याच्याही शाळेचा पट अर्धा होतो. त्याने ती कादंबरी या यादीत घातली, तर मी ती काढणारा कोण?

त्यांच्या वाचण्याची तऱ्हा मात्र साहित्यिकांच्या ओळखीची नाही. ते कादंबरीचा पंचनामा करतात. पाऊस कोणत्या नक्षत्रात पडला? जमीन काळी की बरड? पेरा कशाचा होता? पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नायक तिफण घेऊन काळ्या रानात उतरला असे आले, की इथला वाचक तिथेच पुस्तक मिटतो, कारण वापसा आल्याशिवाय त्या रानात पाय ठेवता येत नाही हे लेखकाला ठाऊक नाही असा त्याचा अर्थ. एका निवृत्त तलाठ्यांचे टिपण तर वाचायलाच हवे. त्यांनी तीन कादंबऱ्यांतल्या गावांची आणेवारी काढून दाखवली आहे : पन्नास पैशांच्या खाली जाते की नाही, म्हणजे ते गाव सरकारदरबारी दुष्काळी ठरले असते की नाही. एका कादंबरीतले गाव ठरत नाही. तलाठीसाहेबांचा निष्कर्ष असा की लेखकाने दुःख भरपूर दिले, पण पीक बऱ्यापैकी ठेवले. हे वाचून मी आधी हसलो. नंतर वाटले, दुःखाचे प्रमाण आणि मातीचे प्रमाण जुळले पाहिजे ही मागणी सौंदर्यशास्त्राचीच आहे, फक्त ती महसूल खात्याच्या भाषेत आली.

वयाने मोठे असलेल्या वाचकांकडे बाहत्तरचा दुष्काळ आहे. सुकडी, मिलो, खडी फोडायचे काम, पाझर तलाव, नाला बंडिंग. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला त्याची मुळे त्या कामांतच रुजली. मराठीतल्या दुष्काळाच्या लेखनाचे व्याकरण त्याच काळात पक्के झाले : भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे, दावणीचा बैल विकताना म्हाताऱ्याचे थरथरणारे हात. हे सगळे खरे होते. पण उदगीरच्या एका शिक्षिकेने जो फरक नोंदवला आहे तो लेखकांनी कान देऊन ऐकावा. बाहत्तरला खायला धान्य नव्हते, पण विहिरींत घोटभर पाणी सापडायचे. 2016 ला दुकानात गहू-तांदूळ रचलेले होते आणि पाणी कुठे नव्हते. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बोअर आले, तामिळनाडूच्या पाटीच्या गाड्या गावोगाव फिरून दोनशे, चारशे, सहाशे फुटांवर गेल्या, ज्वारी हटून सोयाबीन आले, मांजराकाठी ऊस उभा राहिला. म्हणजे दुसरा दुष्काळ केवळ आभाळाने आणला नव्हता. बाई विचारतात, मग गोष्टीतला खलनायक अजूनही एकटे आभाळच कसे?

हा या संग्रहातला सगळ्यांत तापलेला वाद आहे. अस्मानी किती आणि सुलतानी किती? रेणापूरच्या एका शेतकऱ्याने उसाची बाजू घेऊन सडेतोड लिहिले आहे. उसाला भाव ठरलेला असतो, कारखाना दारातून नेतो, गारपिटीने तो सोयाबीनसारखा एका रात्रीत झोपत नाही. मग ज्याला पोरीचे लग्न करायचे आहे त्याने काय लावावे, हे कादंबरीकाराने सांगावे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या लगेच पुढे लातूर शहरातल्या एका गृहिणीचे टिपण आहे. त्या उन्हाळ्यात घरातली एक मोठी टाकी आणि सहा घागरी एवढ्यावर आठवडा कसा काढला याचा हिशेब तिने दिला आहे आणि उसाबद्दल तिला काय वाटते ते तिने लपवलेले नाही. दोघांपैकी कुणीही कुठलाही आकडा फुगवलेला नाही. माझा कौल बाईकडे झुकतो, पण ज्या कादंबरीत हे दोघे एकाच गल्लीत राहतात आणि दोघेही खरे वाटतात ती कादंबरी मला वाचायची आहे, आणि ती मराठीत अजून हाताला लागलेली नाही.

‘लाल चिखल’वरूनही असाच वाद झाला. चंदनशिवांची ही कथा शाळेच्या पुस्तकामुळे दोन पिढ्यांना पाठ आहे. भाव पडलेले टोमॅटो, बाजारात बापाने ते पायांखाली तुडवणे. दोघा-तिघांचे म्हणणे पडले की तिचा हवामानाशी काय संबंध, ती तर बाजाराची कथा. नांदेडच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उलट बाजू मांडली : पीक चांगले आले तरी माणूस मरतो हे ज्याला कळत नाही, त्याला पीक बुडाल्यावर तो का मरतो हेही कळणार नाही. मी ती कथा यादीत राहू दिली.

‘बारोमास’बद्दल बायांनी जे लिहिले आहे ते पुरुष समीक्षकांच्या लेखांत मला फारसे दिसले नव्हते. शिकून बेकार राहिलेला, शेतीत रुतलेला एकनाथ हा त्या कादंबरीचा नायक, आणि त्याची बायको अलका माहेरी निघून जाते. पुरुष वाचक एकनाथसाठी हळहळतात. तीन बायांनी एकमेकींना न विचारता अलकाची बाजू घेतली आहे. त्यांतली एक लिहिते की कोरडवाहू घरात दिलेल्या पोरीने निघून जाणे हाही दुष्काळाचा परिणाम आहे, तो पंचनाम्यात येत नाही एवढेच. देशमुखांना 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा या बाईचा जन्म नुकताच झाला असेल. कादंबरी विदर्भातल्या बुलढाण्याकडची, वाचक निलंग्याची, आणि मधे वीस वर्षे. तरी तिने अलकाला शोधून काढलेच.

आता थोडे नांदेडबद्दल, कारण दुष्काळ म्हटले की लातूर पुढे येते आणि नांदेड मागे राहते. नांदेडजवळ गोदावरी आहे, विष्णुपुरीचा बंधारा आहे, उत्तरेला किनवटचे जंगल आहे. लातूरची मांजरा कर्नाटक, तेलंगण असा वळसा घेऊन शेवटी नांदेडच्याच कडेला गोदावरीला मिळते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचे पाणी वेगळे मोजता येत नाही. नांदेडची टिपणे मुख्यतः पुराबद्दल बोलतात. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळ, रावणगाव आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले, माणसे दगावली, गोठ्यातली जनावरे दाव्यालाच गेली. ही गावे लेंडी धरणाच्या पाण्याशी आणि पुनर्वसनाच्या रखडलेल्या प्रश्नाशी बांधलेली. त्या भागातल्या एका वाचकाने ‘झाडाझडती’ त्यानंतर पुन्हा वाचली. 1991 च्या त्या कादंबरीत धरणग्रस्तांची फरफट आहे. त्याचे टिपण दीड पानाचे आहे आणि त्यात पुराचे वर्णन जवळपास नाही. त्याने फक्त कादंबरीतल्या सरकारी कागदांचे प्रसंग एकामागून एक घेतले आहेत आणि प्रत्येकापुढे ‘झाले’ किंवा ‘अजून नाही’ असे लिहिले आहे.

पाऊस न पडण्याबद्दल आपल्याकडे लिहिले गेले. पाऊस भलत्या वेळी, भलत्या मापाने पडण्याबद्दल फार थोडे. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीने काढणीला आलेला हरभरा-गहू झोडपला. सप्टेंबर 2021 च्या शेवटी मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते वाहून गेली; त्याच धरणाच्या तळाच्या भेगांचे फोटो पाच वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत छापून आले होते. 2025 च्या सप्टेंबरात सोयाबीन उभ्या जागी कुजले. शेतकऱ्याच्या बोलण्यात आता ‘चोवीस तासांत 65 मिलिमीटर’ हा आकडा मृग-आर्द्रेइतका सहज येतो, कारण महसूल मंडळात तेवढा पडला तरच अतिवृष्टी धरतात आणि मदतीचे दार उघडते. एका शेतात सत्तर, बांधापलीकडच्या मंडळात साठ. या पाच-दहा मिलिमीटरवर भावाभावांत बोलणे बंद झाल्याचे एका टिपणात आले आहे. हा कथेचा ऐवज आहे, आणि तो भेगाळलेल्या जमिनीच्या जुन्या व्याकरणात बसत नाही. माझी लेखकांवरची खरी तक्रार हीच. वाचक 2025 मध्ये राहतो आणि कथा अजून बाहत्तरमध्ये मुक्काम ठोकून आहे.

लातुरात ही उणीव जास्त बोचते, कारण ललितेतर लेखन तिथे केव्हाच पुढे गेले आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर ‘डळमळले भूमंडल’ लिहिणारे अतुल देऊळगावकर लातूरचेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपासून हवामानबदलापर्यंत आणि ग्रेटा थुनबर्गपर्यंत त्यांनी सातत्याने लिहिले, आणि इथल्या वाचकाला ‘उत्सर्जन’ किंवा ‘अल निनो’ समजावून सांगावे लागत नाही ते बऱ्याच अंशी अशा लेखनामुळे. टिपणांत एक सूर वारंवार येतो : माहिती आम्हाला मिळाली, आता गोष्ट द्या.

परदेशी पुस्तकांविषयी थोडेच. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ची सुरुवात उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने होते, माणसे तळ्यात उतरतात आणि तिथेच मरतात. हे प्रकरण वाचून एप्रिल-मेचे नांदेड पाहिलेला माणूस हलतोच. पण नंतर कथा झुरिकला जाते, कारण ते मंत्रालय तिथे आहे. नांदेडच्या एका प्राध्यापकांनी विचारले आहे की मरायला आम्ही आणि कचेरी त्यांची, ही वाटणी लेखकाला खटकली की नाही. प्रश्न रास्त आहे, पण थोडा अन्यायाचाही; त्या कादंबरीत भारताने स्वतःच्या बळावर घेतलेले निर्णयही आहेत, ते त्यांनी सोडून दिले. जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ मात्र सगळ्यांना आवडली. मुंबईत बर्फ पडते आणि हिमयुग येऊ घातले आहे अशी ही विज्ञानकथा. आपण ज्याला घाबरतो त्याच्या नेमके उलटे. चाळीस-पंचेचाळीस अंशांत बसून ती वाचण्याची मजा काही और, असे एका शिकवणीच्या पोराने लिहिले आहे. पण त्याने पुढे एक चांगले निरीक्षणही केले : नारळीकरांच्या कथेत शास्त्रज्ञ आधी सांगतो आणि सरकार उशिरा ऐकते, तेवढा भाग बर्फ असो की ऊन, बदलत नाही.

या पोरांचा वेगळा उल्लेख करायला हवा. शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने राज्यभरातून ती इथे येतात, दोन-चार वर्षे खोली करून राहतात आणि निघून जातात. 2016 मध्ये पाण्यावाचून कित्येकांच्या खानावळी आणि वसतिगृहे बंद पडली, पोरे बॅगा भरून गावी गेली. आज लातुरात असलेल्या पोरांना ते ऐकून माहीत आहे. त्यांना शेतकऱ्याची कथा फारशी नको आहे. त्यांना शहराच्या दुष्काळाची कथा हवी : टँकरचा नंबर लावणारा नगरसेवकाचा माणूस, रांगेवर उभा केलेला पोलीस, जारचा धंदा रातोरात तिप्पट करणारा दुकानदार, पहाटे स्थानकावर पाण्याची गाडी बघायला गेलेली माणसे. ‘दुष्काळी साहित्य’ या शिक्क्याखाली खेडे एवढेच येते हे त्यांना पटत नाही. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वे साहित्य संमेलन भरले, ऐन उन्हाळ्यात. त्या मांडवाचा उल्लेख करून एकाने लिहिले आहे की तिथल्या उकाड्यावर कुणी कथा लिहिली असती तरी आम्ही वाचली असती. पोरगे खट्याळ आहे, वाक्य ठेवले.

संपादनाबद्दल दोन गोष्टी. टिपणांतली बोली तशीच आहे. ‘औंदा’चे ‘यंदा’ केले नाही, ‘बोर पाडली’ असे कुणी म्हटले तर ‘कूपनलिका खोदली’ केले नाही. पुस्तकांची माहिती चुकली होती तिथे दुरुस्त केली, मत चुकले असे वाटले तिथे हात लावला नाही.

शेवटच्या भागातल्या चार टिपणांचा विषय एकच आहे : अशा गोष्टीचा शेवट कसा असावा. आशा दाखवणे ही लेखकाची जबाबदारी आहे, असे दोघांना वाटते. त्यातल्या एका ग्रंथपालबाईंचे म्हणणे, पोरे ही पुस्तके नेतात, त्यांना नुसता अंधार देऊन कसे चालेल. दुसऱ्या दोघांना शेवटी पाऊस पाडून सुटका करणाऱ्या कथा-सिनेमांचा तिटकारा आहे. त्यांनी पुरावा म्हणून 2016 चाच पावसाळा दिला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस कोसळला, मांजरा धरण भरले, शहराचा प्रश्न मिटला, आणि त्याच पावसाने नदीकाठच्या उभ्या पिकांचे नुकसान केले. पाऊस आला तिथे कथा थांबवली तर अर्धे गाव बाहेर राहते, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथपालबाईंना ही टिपणे छापण्यापूर्वी दाखवली होती. त्यांनी आपले मत बदलले नाही, फक्त एक ओळ वाढवली : बाहेर राहिलेल्या अर्ध्या गावाची दुसरी कथा लिहा, पण पहिलीतला पाऊस काढू नका.